गवत कुणाच्या वाट्याचं

धर्माबाद तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की बोट बाभळीकडे जातं. मराठवाडा सोडताना गोदावरी आमच्याच शिवारातून जाते आणि तिच्यावरच्या बाभळीच्या बंधाऱ्याची इथल्या माणसानं वर्षानुवर्षं वाट पाहिली. 2.74 टीएमसीचा हा बंधारा. त्यावरून दोन राज्यं भांडली. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले, तेव्हा त्यांना धर्माबादेतच अटकेत ठेवलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. त्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतात आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडावं लागतं. म्हणजे भर पावसाळ्यातला पूर अडवायचा नाही, तो सरल्यावर नदीत जे वाहत असेल तेवढंच साठवायचं. नदीकाठी राहूनही मार्चनंतर डोक्यावर घागर का, याचं अर्धं उत्तर या तारखांत आहे.

उरलेलं अर्धं माळावर आहे, आणि माझी नोकरी, उमेद, तब्येत सगळं त्या माळावर गेलं. गावोगावच्या पाणलोटाच्या कामात मला दोन दशकं होऊन गेली. धर्माबाद, उमरी, बिलोली, कधी देगलूर असं फिरत राहिले.

नदीकाठची काळी जमीन पाहून आलेल्या माणसाला इथला माळ खरा वाटत नाही. बिलोली-देगलूरकडे सरकावं तसा बेसॉल्टचा काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइटचे गोल धोंडे वर येतात. माती वीतभर, कुठं तेवढीही नाही. खाली तांबूस मुरूम. नांदेड जिल्ह्यात वर्षाला 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो काही कमी नव्हे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. पण उघड्या मुरमावर पडलेला पाऊस थांबत नाही, तो जाताना मातीही घेऊन जातो. जूनमध्ये ओढ्याला येणारं पहिलं गढूळ पाणी पाहिलं की मला अजून पोटात कालवतं, कारण त्यात माती जाताना डोळ्यांना दिसते.

या माळांवर कुणी काही केलं नाही, असं नाही. एकाच उतारावर मी तीन पिढ्यांची कामं दाखवू शकते. 1972 च्या दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला त्या काळातले मातीचे नालाबांध, आता फुटलेले, मध्ये बाभळी उगवलेल्या. त्यावर 2014 नंतर जलयुक्त शिवारात यंत्रानं काढलेले खोल चर. प्रत्येक पिढीनं मागच्या पिढीच्या मोडक्या कामाशेजारी नवं काम काढलं. मोजमाप पुस्तिकेत सगळं पूर्ण आहे. सुरुवातीची काही वर्षं मी मान्य केलेलं कारण हेच होतं की बांधकाम कच्चं होतं, उतार चुकला, सांडवा नीट काढला नाही. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण नीट बांधलेले बांधही फुटलेले होते. त्यांच्यावर कुणाची भाकर अवलंबून नव्हती, म्हणून पहिल्या भोकाला कुणी दगड लावला नाही. या एका गोष्टीपाशी मला हळूहळू आणलं ते शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं.

ते गाव धर्माबादच्या पलीकडचं. माळावर सलग समतल चर खोदून झाले होते. ए-फ्रेम घेऊन समपातळीच्या रेषा आखताना गावातली पोरं सोबत होती, त्यामुळे काम सुबक झालं होतं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार ही नावं तोवर प्रत्येक ग्रामसभेत पोचली होती, त्यांच्याबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही. आमच्याकडेही ठराव झाला. माळ तीन वर्षं बंद, आत जनावर सापडलं तर दंड. हात वर झाले, सह्या झाल्या. सह्यांचा कागद नंतर मी पुष्कळदा पाहिला आहे. ज्यांच्या दावणीला म्हशी आणि घरात कडब्याची गंज, अशी घरं त्यात होती. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि चार-पाच शेळ्या आहेत, असं एकही घर नव्हतं. ती माणसं त्या दिवशी सोयाबीनच्या काढणीला गेली होती.

पहिल्या पावसाळ्यात रात्री शेळ्या आत शिरू लागल्या. रोपं खाल्ली. समितीनं दंड लावला, तो कुणी भरला नाही. मग एका बैठकीला एक विधवा बाई आपणहून आल्या आणि मारुतीच्या पारापासून जरा लांब बसल्या. त्यांना मी मावशी म्हणत असे. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचे झाडं मोठे होईस्तोर माझ्या शेळ्यायनं काय खावं ते सांगा. म्या रोज रात्री चोरी करायले तयार न्हाई."

त्यांच्याकडे उस्मानाबादी शेळ्या होत्या. या जातीला जुळी करडं होतात, चारा कमी पडला तरी ती तग धरते. जूनमध्ये शाळा उघडताना एक बोकड विकायचं, दवाखान्याच्या वेळी एक, दिवाळीला एक, असा त्यांचा हिशोब. माळ बंद झाल्यावर त्यांनी दोन शेळ्या पडत्या भावात विकल्या होत्या. म्हणजे गावाचा माळ सुधारावा म्हणून गावातल्या सगळ्यांत गरीब घरानं पहिला हप्ता भरला होता, आणि त्यांना तसं कुणी विचारलंही नव्हतं.

त्या बैठकीत काही ठरलं नाही. नंतरच्याही नाही. पण पुढच्या काही महिन्यांत एकेक गोष्ट निघत गेली. माळाचे तीन भाग करायचे, एक भाग पाळीपाळीनं चराईला खुला ठेवायचा. बंद भागातलं गवत विळ्यानं कापून न्यायचं. पहिली कापणी ज्यांच्याकडे जमीन नाही आणि शेळ्या आहेत त्यांची, फुकट. त्यांचं झालं की उरलेलं गवत म्हशीवाल्यांनी पैसे देऊन घ्यायचं आणि तो पैसा चरांच्या दुरुस्तीला ठेवायचा. हिवरे बाजारलाही शुल्क भरून गवत कापून नेऊ देतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आधी कुणी कापायचं हा क्रम आमच्या गावाचा आमचा आम्हीच लावला, आणि त्याच क्रमावर सर्वांत जास्त भांडण झालं. ते भांडण होणं गरजेचं होतं असं मला आज ठामपणे वाटतं. त्या भांडणात पहिल्यांदा सगळं गाव माळाबद्दल बोललं.

कुठलं गवत, कधी कापायचं, हे मावशींनी शिकवलं. कुसळी फुलावर यायच्या आधी कापावी लागते, एकदा कुसळं धरली की ती शेळीच्या तोंडात रुततात, मग ती त्या गवताला तोंड लावत नाही. मारवेल दोन-तीनदा कापता येतं. पवन्या मुरमावरही येतो. विकतचं बी महाग आणि वेळेवर मिळत नसे. तेव्हा बायकांनीच सांगितलं की रेल्वेच्या हद्दीलगत जनावरं फिरकत नाहीत, तिथं मारवेल नि पवन्या अजून टिकून आहेत. दसऱ्याच्या सुमारास ओटीत बी गोळा करून आणलं, राखेत मिसळून जूनमध्ये चरांच्या भरावावर फेकलं. बायकांच्या बचत गटाच्या नावावर आलेली ती पहिली मजुरी. पुढं या बायकांनी गिरीपुष्पाची नि सीताफळाची रोपवाटिका केली. रोपांचे पैसे मात्र त्यांना फार उशिरा मिळाले, आणि त्या उशिरात गट मोडता मोडता राहिला. गरिबांच्या हातून काम करून घ्यायचं आणि पैसा सवडीनं द्यायचा, ही रीत मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिचा राग आता कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

गायरानाची गोष्ट याहून अवघड.

कागदावर गायरान म्हणजे मोकळी, पडून असलेली सरकारी जमीन. मराठवाड्यात फिरलेल्या माणसाला ठाऊक आहे की तिथं बहुतेक ठिकाणी कुणीतरी दोन पिढ्या राबत असतं. दादासाहेब गायकवाडांच्या 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहापासून हा प्रश्न धगधगतो आहे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानं 1978 ते 1990 मधली अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, पण कित्येक घरांकडे त्या काळचा दंडाच्या पावतीपलीकडे पुरावा नाही. काहींकडे तीही नाही. 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. प्रत्येक गावाला आकडा आला, आणि आकडा बसवायला जागा म्हणून सगळ्यांना गायरान दिसलं. एका गावात खड्ड्यांची आखणी मुगाच्या उगवलेल्या तासांवरून गेली. चुन्याच्या ठिपक्यांमध्ये उभी राहिलेली, ती जमीन कसणारी माणसं मी पाहिली. आरडाओरडा नव्हता. एक आजोबा एवढंच म्हणाले, "ह्या जागेवर धोंडे होते तवा कोनी आलं न्हाई. धोंडे आम्ही येचले."

ते खरं होतं. वेचलेल्या धोंड्यांच्या ताली तिथं उभ्या होत्या. जमीन सुधारण्याचं जे काम आम्ही नकाशे काढून करू पाहत होतो, ते त्या घरांनी एक रुपया न घेता करून ठेवलं होतं. कोणत्याही सरकारी यादीत त्याची नोंद नाही. पुष्कळ खटपटीनंतर आखणी बदलली. झाडं त्यांच्या तालींवर गेली, बहुतेक सीताफळं, आणि फळ राखणाऱ्याचं असं ग्रामपंचायतीनं लिहून दिलं. त्या वर्षी गावाच्या इतर भागात लावलेली रोपं पुढच्या उन्हाळ्यात काड्या झाली. तालींवरची जगली, कारण बायका डोक्यावरून पाणी आणून घालत होत्या. जमिनीचा सातबारा मात्र अजून त्यांच्या नावावर नाही, आणि तो होत नाही तोवर मी या कामाला यश म्हणणार नाही.

माळाचं काम कोणत्या महिन्यात काढायचं, हे तांत्रिक माणसाला दुय्यम वाटतं. मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटू लागलं. आमच्याकडची माणसं हैदराबाद, निजामाबादला जातात. बांधकामावर, वीटभट्टीवर. मुखेड, कंधार, लोह्याकडची ऊसतोडीला. मुकादम उचल देतो ती दसऱ्याच्या आगेमागे. एकदा उचल घेतली की ते घर उन्हाळा संपेपर्यंत गावचं राहत नाही. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बोचकी घेऊन चढणारी कुटुंबं धर्माबादच्या फलाटावर मी दरवर्षी पाहते, सोबत शाळेत नाव असलेली लेकरं. आणि आपल्याकडे चरांची, बांधबंदिस्तीची कामं मंजूर होऊन सुरू होतात जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर ज्याला मजुरी हवी तो गेलेला असतो. मग मजूर मिळत नाहीत असा शेरा पडतो आणि जेसीबी येतं.

म्हणून आम्ही काही गावांत मागणीचे अर्ज सप्टेंबरातच भरून घ्यायला लागलो. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते देणं कायद्यानं बंधनकारक असे, तो कायदा लोकांना वाचून दाखवला. ज्या वर्षी दिवाळीच्या आधी कुदळ पडली, त्या वर्षी काही घरांनी उचल घेतली नाही. सगळ्यांनी नाही, काहींनी. 2024-25 ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. भट्टीवर याहून जास्त मिळतं. पण इथं म्हातारी आई घरी, लेकरू शाळेत आणि रात्री आपलं छप्पर. एवढ्यासाठी माणूस कमी पैसा घ्यायला तयार होतो, पण तो पैसा वेळेवर हातात पडला तरच. तीन हप्ते लांबला की पुढच्या वर्षी तो आपलं ऐकत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

यंत्राला माझा सरसकट विरोध नाही. ओढ्यातला गाळ काढायला पोकलेनच हवं. उतारावर मात्र माणसाचे हातच हवेत. यंत्र उतारावरची उरलीसुरली माती उलथून टाकतं, शिवाय त्या माळाची मजुरी गावाबाहेर जाते.

श्रमदानाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपनं 2016 ते 2019 या उन्हाळ्यांत राज्यात जी उभारी आणली ती मी मनापासून मानते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाला पाण्यासाठी हात हलवावासा वाटला याचं मोल मोठं आहे. पण स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस, एप्रिल-मे, रोज सकाळी फावडं घेऊन येणाऱ्यांत धर्माबादच्या मिरची कारखान्यांत देठ खुडायला जाणाऱ्या बायका असतील तर त्यांचा रोज बुडतो. बांध ज्याच्या शेताच्या वर आहे त्याच्या विहिरीला पाणी येतं. हा हिशोब श्रमदानाच्या आधी मांडला की लोक दुखावतात. तरी मांडावाच.

तळ्यांतल्या गाळाचं तसंच. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. मुरमाड शेतावर चार बोटं गाळ पडला की तिसऱ्या वर्षी सोयाबीननंतर हरभराही निघतो, हे मी पाहिलं आहे. पण सुरुवातीला गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा होता. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या शेतात गाळ. पुढं लहान शेतकऱ्याला एकरी 15 हजार रुपये, जास्तीत जास्त 37,500 रुपयांपर्यंत अनुदान ठरलं, तेव्हा कुठं दोन एकरवाल्यांची नावं यादीत दिसू लागली. त्याआधीच सीमेपलीकडे तेलंगणात 2015 पासून मिशन काकतीयखाली जुने तलाव उपसले जात होते, 2018 ला रयतु बंधूचे एकरी चार हजार रुपये हंगामाआधी मिळू लागले. तिकडे बासरच्या यात्रेला गेलेला माणूस पाहुण्यांकडून हे ऐकून यायचा. आमच्या तालुक्यातल्या काही गावांनी तेव्हा तेलंगणात जाण्याची मागणी केली, तिच्याकडे पुष्कळांनी राजकारण म्हणून पाहिलं. मी ज्या घरांत बसले तिथं ती जमिनीची आणि हंगामाची गोष्ट होती.

पाणी आल्यावरचे प्रश्न थोडक्यात सांगते, कारण ते आता सगळीकडे सारखे झाले आहेत. विहिरींना पाणी वाढलं की दोन-तीन जण खोल बोअर घेतात, ऊस लावतात आणि चार वर्षांत पाणी पुन्हा तळाला जातं. मांजरा नदीची वाळू हैदराबादेकडे जाते, काठच्या विहिरी आटतात. भूजलाचा 2009 चा कायदा आहे, पण एखाद्याच्या दारात उभं राहून 'बोअर घेऊ नको' म्हणायला गावातलंच माणूस लागतं. ज्या गावांत गवताच्या वाटणीवरून आधी बोलणं झालेलं होतं, तिथं पाण्यावर बोलणं निदान सुरू तरी झालं.

2025 च्या पावसानं या सगळ्याची परीक्षा घेतली. ऑगस्टात मुखेड तालुक्यात जे झालं, हसनाळात माणसं पाण्यात गेली, त्याबद्दल मला अजून धड बोलता येत नाही. सप्टेंबरात आमच्याकडेही गोदावरी, मांजरा पसरल्या, शेतं खरडून गेली. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत मदत जाहीर केली. पंचनाम्यांच्या दिवसांत मी जुने माळ चढून पाहिले. इतका पाऊस कुठलाच बांध पूर्ण झेलणार नव्हता. तरी फरक दिसत होता. निधी संपल्यावर कुणी न पाहिलेले चर गाळानं भरले होते, त्यांच्यावरून पाणी सरळ गेलं होतं आणि खालच्या शेतांत मुरमाचे पट्टे पडले होते. शेळ्यांचं गवत जिथून येतं त्या माळावर चर उन्हाळ्यात उपसलेले होते, भरावावर मारवेलाचं जाळं होतं. दोन ठिकाणी भगदाडं पडली, बाकी भराव उभा राहिला. भगदाडं बुजवायला मला कुणाला बोलवावं लागलं नाही. गेले तेव्हा मावशींचा मुलगा आणि शेजारची दोन घरं दगड रचत होती.

सध्या त्या गावात वाद चालू आहे तो वेगळाच. जी घरं यंदाही हैदराबादला गेली त्यांचा गवताचा वाटा कुणाचा, यावर समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, जो चर उपसायला नव्हता त्याला विळा नाही. दुसरा म्हणतो, तो हौसेनं गेला नाही, आणि त्याची आई इथंच आहे, शेळीही इथंच आहे. मी दुसऱ्या बाजूची आहे आणि तसं बैठकीत सांगितलं. तूर्तास ठरलंय ते असं: म्हातारीनं कापायचं, तिला जमत नसेल तर शेजारणीनं अर्धलीनं कापून द्यायचं, आणि पोरगं मे महिन्यात परत आलं की त्यानं आठ दिवस चरावर द्यायचे. बिलोली तालुक्यात सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथं बायकांना घेऊन जायचं आहे, शेळ्यांच्या लसी आणि मुरघास दोन्हींसाठी. गवत आता कापून उरतं, ते उन्हाळ्यापर्यंत टिकवायला हवं.